कटगुणचे गोऱ्हे, पुण्याचे फुले

विद्यानगरच्या कोणत्याही गल्लीतून दोन्ही बाजूंच्या फाटकांवरच्या पाट्या वाचत गेले, तर जुन्या गावगाड्याची हजेरी घेतल्यासारखे वाटते. पाटील, कुलकर्णी, देशपांडे, देसाई, नाडगौडा, जोशी आणि मधूनच एखादे चौगुले. आपल्यापैकी कुणाचे आजोबा-पणजोबा रेल्वे वर्कशॉपच्या नोकरीसाठी हुबळीत आले, कुणाचे कापसाच्या व्यापारासाठी, कुणाचे शाळा-कॉलेजांत शिकवायला. गाव सुटून तीन-चार पिढ्या झाल्या. घरात मराठी आणि दारात कानडी अशी जीभ वळली. आडनाव मात्र सुटले नाही, आणि यांतली बहुतेक आडनावे म्हणजे कुणा पूर्वजाच्या गावकामाची नावे. ते काम म्हणजे आजच्यासारखी पगारी नोकरी नव्हे, वतन. काम बापाकडून मुलाकडे जायचे आणि त्याच्यासोबत थोडी जमीन, थोडे हक्क आणि बराचसा मान.

या यादीत सर्वांत कमी बोलले जाते ते चौगुल्याबद्दल. पाटील गावाचा मुख्य, आपल्याकडचा गौडा. कुलकर्णी गावाचा हिशेबनीस, म्हैसूरकडचा शानभोग. चौगुला हा पाटलाच्या हाताखालचा माणूस. वसुलीत पाटलाला मदत करणे, पाटील गावात नसला तर त्याचे काम पाहणे, आणि पुष्कळ ठिकाणी कुलकर्ण्याचे दप्तर जपून ठेवणे ही त्याची कामे. म्हणजे कागद लिहिणारा एक आणि रुमालात बांधून सांभाळणारा दुसरा. बेळगाव-धारवाडकडे हेच आडनाव ‘चौगला’ असेही चालते.

यंदाच्या अंकासाठी आम्ही अशाच एका चौगुल्याच्या घराण्याची हकीकत निवडली आहे. हे घराणे सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातल्या कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. त्या चौगुल्याच्या पणतूने १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगाला एक लांब निवेदन दिले आणि त्यात स्वतःची ओळख तीन शब्दांत करून दिली: व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर. पत्ता, पेठ जुना गंज, पुणे. नाव, जोतीराव गोविंदराव फुले.

महात्मा ही पदवी त्यांना मिळाली ती ११ मे १८८८ रोजी, मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात भरलेल्या सभेत. त्या सभेला अजून साडेपाच वर्षे होती. आपण त्यांना ओळखतो ते पुतळ्यातून आणि पाठ्यपुस्तकातून: मुलींची शाळा, सत्यशोधक समाज, सावित्रीबाई. ते सारे खरेच आहे. पण सरकारी कागदावर या माणसाने स्वतःला शेतकरी आणि नगरपालिकेचा सभासद म्हणवून घेतले, त्या अर्थी तेही त्यांना महत्त्वाचे वाटत असले पाहिजे. म्हणून येथे त्यांच्याकडे आम्ही त्याच बाजूने पाहणार आहोत. एका गावकामगाराच्या घराण्यातून हा शेतकरी आणि हा कमिशनर कसा आला, एवढीच ही कथा.

घराण्यात चालत आलेली आणि चरित्रकारांनी नोंदवलेली हकीकत अशी. जोतीरावांचे पणजोबा कटगुणचे चौगुले. गावच्या कुलकर्ण्याशी त्यांचे वाकडे आले. कुलकर्ण्याने छळ मांडला. तो असह्य झाला तेव्हा एके दिवशी रागाच्या भरात चौगुल्याने कुलकर्ण्याचा जीव घेतला. मग गावात राहणे शक्यच नव्हते. वतन, घर, शेत सगळे मागे टाकून ते पुण्याजवळ पुरंदर तालुक्यातल्या खानवडीला आले आणि तिथे नव्याने संसार मांडला.

हे वाचताना आपल्या मंडळातली काही घरे जरा थबकतील, हे आम्ही जाणतो. आपल्यातल्या कितीतरी घरांच्या माळ्यावर कुलकर्णीकीची दप्तरे आहेत, आणि मारला गेला तो कुलकर्णी. गोष्ट एका घराण्याने आपल्या बाजूने सांगितलेली आहे, हेही खरे. पण तिच्याकडे कुणाच्या पूर्वजाची बदनामी म्हणून पाहिले तर तिच्यातले मुख्य ते हातून निसटते. आजचा तलाठी वाईट निघाला तर तक्रार करता येते, त्याची बदली होते, फार तर तीन वर्षे कळ काढावी लागते. वतनी कुलकर्ण्याची बदली नसे. आजचा कुलकर्णी गेला की उद्या त्याचा मुलगा. कुणाच्या नावावर किती बाकी, कुणाचा बांध कुठपर्यंत, हे त्याच्या मोडी अक्षरात, आणि ते अक्षर गावात बहुधा त्याच्या घराशिवाय कुणाला वाचता येत नसे. ज्याच्या घरात दप्तराचा रुमाल ठेवलेला, त्या चौगुल्यालाही त्यात काय लिहिले आहे हे विचारावेच लागे. दोघेही वंशपरंपरेने एकमेकांना बांधलेले. अशा ठिकाणी भांडण मिटले नाही तर एकाने गाव सोडणे एवढीच वाट उरते. कटगुणला आधी रक्त सांडले आणि मग गाव सुटला.

आपल्या धारवाड जिल्ह्यात व्यवस्था हीच होती. पोळ्याला पहिला बैल कुणाचा, होळीत पहिली पोळी कुणाची, लग्नात पहिला विडा कुणाला, यावरून भाऊबंदांत पिढ्यान्‌पिढ्या वाद चालत. ब्रिटिश अमदानीत १८४३ च्या सुमारास विंगेटसाहेबाच्या देखरेखीखाली इकडची मोजणी सुरू झाली. शेतांना सर्व्हे नंबर पडले आणि प्रत्येक शेतकऱ्याच्या नावावर आकार ठरला. कागद सरकारचा झाला, पण गावात तो लिहिणारा हात तोच राहिला. १८७४ च्या कायद्याने वंशपरंपरेच्या गावकामांना नियमांची चौकट घातली, मोडीत काढले नाही. कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५० साली झाला आणि १९५१ पासून लागू झाला. तेव्हा धारवाड जिल्हा मुंबई राज्यातच होता, म्हणजे आपल्या आजोबांच्या डोळ्यांदेखत. इतका काळ ही व्यवस्था जिवंत राहिली. कटगुणची गोष्ट म्हणूनच आपल्याला फार लांबची नाही.

खानवडीत चौगुल्याचा एकुलता एक मुलगा शेटीबा मोठा झाला. शेटीबा सरळ आणि सढळ हाताचा होता असे सांगतात. बापाने कष्टाने जमवले ते त्याच्याकडून राहिले नाही. कर्ज झाले, आणि पुन्हा एकदा बिऱ्हाड उचलावे लागले. या खेपेस पुण्याला. बरोबर राणोजी, कृष्णा आणि गोविंद असे तीन मुलगे. एका फुलवाल्याने या मुलांना कामाला ठेवले. माळी घराण्यातली मुले, हाताला गुण होता. हार, गजरे, फुलांच्या गाद्या, फुलांच्या छत्र्या करण्यात ती इतकी तरबेज झाली की पेशव्यांच्या वाड्यात त्यांच्या कामाची चहा झाली. पेशव्यांनी खूश होऊन इनाम जमीन दिली, आजच्या मापाने सुमारे ३५ एकर. गोऱ्हे हे नाव मागे पडले. लोक त्यांना फुले म्हणू लागले.

आडनावाचा हा प्रवास पाहण्यासारखा आहे. गावकाम गेले तेव्हा त्या कामाचे नाव गेले, आणि शहरात आल्यावर धंद्याने नवे नाव दिले. आपल्याकडेही गाव सोडून आलेल्यांना त्यांच्या गावाचे नाव लावून हाक मारायची रीत आहे, आणि दोन पिढ्यांत तेच खरे आडनाव होऊन बसते. मूळ आडनाव मग फक्त कुलदेवतेच्या वारीला गेल्यावर क्षेत्रोपाध्यायाच्या वहीत सापडते.

इनामाची जमीन मात्र तिघा भावांना सुखाने लाभली नाही. थोरल्या राणोजीने ती सगळी आपल्याकडे घेतली आणि धाकट्या दोघांना त्यात काही उरले नाही. वतनी जमिनींच्या कथांत ही गोष्ट इतक्या वेळा येते की तिच्यावर कुणी आश्चर्यही करत नाही. हाती फक्त धंदा उरलेल्या गोविंदरावांनी भाजीपाल्याचे आणि फुलांचे दुकान चालवले, कष्टाने थोडी जमीन केली. त्यांचे लग्न धनकवडीच्या झगडे पाटलांच्या चिमणाबाईंशी झाले. राजाराम आणि जोतीराव असे दोन मुलगे झाले. धाकट्याचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. तो जेमतेम वर्षाचा असेल, तोच चिमणाबाई वारल्या. गोविंदरावांनी दुसरे लग्न केले नाही. त्यांच्या नात्यातल्या बालविधवा सगुणाबाई क्षीरसागर यांनी मुलाला वाढवले. त्या एका मिशनरी साहेबाच्या घरी मुले सांभाळायचे काम करत. जोतीरावांना शिकण्याची पहिली गोडी लागली ती यांच्यामुळे, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

पुढे जोतीरावांचे लग्न १८४० साली झाले तेही पाटलांच्याच घरात, खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांच्या मुलीशी. चौगुलकी जाऊन तीन पिढ्या झाल्या होत्या, तरी सोयरीक पाटलांकडेच होत होती. घराण्याचा मान कागदावरून गेला तरी सोयरिकीच्या बोलण्यात टिकतो, हे आपल्याला सांगायला नको.

शिक्षणाची कथा सर्वांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात. शाळेत घातलेल्या मुलाला एका कारकुनाच्या सांगण्यावरून गोविंदरावांनी काढून घेतले आणि शेतावर धाडले. मळ्यात काम करून रात्री दिव्यापाशी वाचत बसणारा मुलगा शेजारच्या गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या दोघांच्या नजरेस आला. त्यांनी वडिलांची समजूत घातली. १८४१ मध्ये स्कॉटिश मिशनच्या शाळेत नाव घातले गेले. मुलगा शिकला. १८४८ मध्ये भिडेवाड्यात त्याने मुलींची शाळा काढली, आणि पुढल्या वर्षी वडिलांनी सुनेसह त्याला घराबाहेर काढले. खानवडीहून कर्जापायी, कटगुणहून खुनापायी, आणि आता गंजपेठेतून शाळेपायी, असे या घराण्याचे तिसऱ्यांदा घर सुटले.

घराबाहेर पडलेल्या माणसाला पोटाला धंदा हवा होता. शाळांच्या कामावर घर चालत नव्हते, आणि देणग्यांवर जगायचे नाही हा त्यांचा बाणा. धातूच्या ओतकामाला लागणाऱ्या साहित्याची एजन्सी त्यांनी घेतली. बांधकामाची कंत्राटे घेतली. खडकवासल्याचे धरण बांधले जात होते तेव्हा चुना-दगड पुरवण्याचे काम त्यांच्याकडे होते. इंजिनिअर खात्यातले कारकून, मुकादम आणि ठेकेदार मिळून मजुराच्या रोजावर कसा डल्ला मारतात, हे त्यांनी या कामांत जवळून पाहिले, आणि ते पुढे त्यांच्या लिखाणात उतरले.

त्या धरणाच्या कालव्याचे पाणी हडपसर-मांजरीकडे आले, पण शेतकरी ते घ्यायला कचरत. पाणीपट्टी भरावी लागणार आणि पीक काय घ्यायचे ते कळत नाही, अशी भीती. जोतीरावांनी मांजरीला साठेक एकर जमीन घेतली आणि कालव्याच्या पाण्यावर भाजीपाला आणि फळबाग करून दाखवली. ज्याच्या चुलत्याने इनाम गिळले, त्याने स्वतःच्या कंत्राटाच्या पैशातून जमीन घेतली. आम्हाला या घराण्याच्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा व्यवहार वाटतो. पणजोबांची जमीन वतनाची, आजोबांच्या मुलांची जमीन इनामाची. जोतीरावांची जमीन खरेदीची. तिच्यावर कुणाचा मानपान नाही, कुणाची मेहरबानी नाही, फक्त खत आणि सातबाऱ्यासारखी नोंद.

आता कमिशनरकी. नगरपालिकेच्या सभासदाला तेव्हा कमिशनर म्हणत, आजच्या आयुक्ताशी त्याचा संबंध नाही. आपली हुबळीची नगरपालिका १८५५ ची आणि धारवाडची १८५६ ची, पुण्याची त्यानंतरची. सुरुवातीला सभासद सरकार नेमत असे. रिपनसाहेबाच्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावानंतर, १८८२ पासून पुढे, मतदानाची पद्धत हळूहळू आली. जोतीराव १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. म्हणजे लोकांनी निवडून दिलेले नव्हेत. पण सरकारने नेमले म्हणून सरकारची हांजी हांजी करतील, असा कुणाचा हिशेब असेल तर तो चुकला.

व्हाइसरॉयच्या पुणेभेटीच्या निमित्ताने शहर सजवायला १,००० रुपये खर्च करायचा ठराव आला. सभागृहात ३२ सभासद होते. विरोधात एकच मत पडले, ते यांचे. हा पैसा पुण्यातल्या गरिबांच्या शिक्षणाला द्या, असे त्यांचे म्हणणे होते. १८८० मध्ये शहरात दारूच्या गुत्त्यांना परवाने वाढू लागले तेव्हा त्यांनी नगरपालिकेला लिहिले की आपण एकीकडे लोकांच्या आरोग्यासाठी खर्च करायचा आणि दुसरीकडे हे चालू द्यायचे, हा काय प्रकार. भाजी मंडईची भली मोठी इमारत बांधायचा बेत निघाला, तेव्हाही इतका पैसा दगडमातीत घालण्यापेक्षा शाळांत घाला म्हणून ते विरोधात उभे राहिले. भाजीविक्याच्या मुलाने मंडईला विरोध करावा! इमारत झालीच. १८८६ साली रे मार्केट या नावाने ती उघडली. पुढे आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने तिला नाव दिले गेले ते महात्मा फुले मंडई. पुण्याला गेल्यावर तिथे कोथिंबिरीची जुडी घेताना हे आठवले तर हसू येते.

१८७६-७७ चा दुष्काळ याच काळातला. आपल्या धारवाड आणि कलादगी जिल्ह्यांवर तो जसा कोसळला तसाच पुणे-साताऱ्यावर. सत्यशोधक समाजाने १८७७ मध्ये धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम काढून दुष्काळात सापडलेल्या मुलांच्या जेवणाची सोय केली. धनकवडी म्हणजे जोतीरावांचे आजोळ. घराण्याच्या नात्यागोत्यांचे जाळे सार्वजनिक कामाला असे उपयोगी पडते. वर्गणीच्या पावत्या घेऊन फिरणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

हंटर आयोगापुढचे निवेदन या कमिशनरकीच्या शेवटी शेवटी लिहिलेले आहे. त्यात काय मागितले ते गावकामाच्या दृष्टीने वाचले तर फार उद्बोधक आहे. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाकडे जातो, ही मुख्य तक्रार. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करा, लोकल फंडाचा निम्मा भाग त्याला द्या, शिक्षकाचा पगार बारा रुपयांहून कमी नको, मोठ्या गावांत पंधरा-वीस द्या. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, गरज पडली तर नांगर धरायला लाजणार नाही असा. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, शेतीची प्राथमिक माहिती शिकवा. आणि एक सूचना अशी की गावचे हिशेब तपासणे, दस्त नोंदणे, टपाल सांभाळणे, स्टॅम्प विकणे अशी कामे शाळामास्तराकडे द्या, म्हणजे त्याची स्थिती सुधारेल आणि गावावर त्याचा चांगला परिणाम होईल.

ही शेवटची सूचना वाचताना आम्हाला कटगुण आठवले. ज्या घराण्याचा पणजोबा दप्तरावरून, हिशेबावरून, लेखणीच्या जोरावरून गाव सोडून गेला, त्याचा पणतू म्हणतो की गावचा हिशेब मास्तराकडून तपासून घ्या. आणि मोडी सगळ्या मुलांना शिकवा. दप्तर जपणाऱ्याला दप्तर वाचता आले की अर्धे भांडण तिथेच संपते.

पुढल्याच वर्षी, १८८३ मध्ये, ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून झाला. मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी त्याचे भाग त्यांनी लोकांना वाचून दाखवले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही त्यातला भाग ऐकला. ‘दीनबंधू’त नारायण मेघाजी लोखंडे यांनी पहिले दोन भाग छापले आणि पुढचे छापायचे थांबवले. इतका तो तिखट होता. कुलकर्ण्यांवर आणि कचेरीतल्या कारकुनांवर त्यात जे कोरडे आहेत, ते आजही वाचताना काहींना लागतील. त्यांची भाषा सरसकट एका जातीवर घसरते, असे आमच्यातल्या काहींना वाटते, आणि हे मत लपवायचे कारण नाही. पण त्याच पुस्तकाच्या शेवटाकडे ज्या सूचना आहेत त्या एका मुरलेल्या शेतकऱ्याच्या आहेत. डोंगर-टेकड्यांच्या उतारावर ताली-बंधारे घाला म्हणजे पावसाबरोबर माती वाहून जाणार नाही. तळ्यांतला गाळ काढून शेतांत पसरा. पाण्याचे झरे शोधून विहिरींना मदत करा. दरवर्षी शेतीमालाची प्रदर्शने भरवून बक्षिसे द्या. धारवाडकडच्या काळ्या जमिनीत नांगर धरलेल्या कुणालाही हे पटेल.

आणि तिथेच पाटीलकीबद्दलची सूचना आहे. शेतकऱ्याचा जो मुलगा सहावी इयत्ता उतरला, नांगरणी-पेरणीची परीक्षाही उतरला आणि चालीरीतीने चांगला आहे, त्याला गावची पाटीलकी द्यावी. म्हणजे शेतकरी चढाओढीने मुलांना शिकवतील आणि शिकलेल्या पाटलापुढे कुलकर्ण्याची कारस्थाने चालणार नाहीत. ज्यांची आई पाटलांची आणि बायको पाटलांची, तो माणूस पाटीलकी वंशपरंपरेने नको, परीक्षेने द्या म्हणतो! सोयऱ्यांना ते कितपत रुचले असेल, याची कल्पना केलेली बरी.

वेश त्यांनी शेवटपर्यंत शेतकऱ्याचा ठेवला, निदान जिथे तो दाखवणे जरूर होते तिथे. २ मार्च १८८८ रोजी त्यांचे स्नेही हरी रावजी चिपळूणकर यांनी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या मानार्थ मेजवानी दिली. हिऱ्यामोत्यांनी मढलेल्या पाहुण्यांत जोतीराव खेड्यातल्या शेतकऱ्याच्या पोशाखात गेले आणि राणीच्या मुलाला सांगितले की इथे दिसणाऱ्या श्रीमंतांवरून हिंदुस्थानची परीक्षा करू नका, खेड्यांत जाऊन पाहा.

आता पुढची पिढी. जोतीराव-सावित्रीबाईंना मूल नव्हते. घरच्यांनी दुसऱ्या लग्नाचा आग्रह धरला होता, तो त्यांनी मानला नाही. विधवांची बाळंतपणे गुप्तपणे आणि सुखरूप व्हावीत म्हणून त्यांनी आपल्या घरी जी सोय केली होती, तिथे काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा आली. तिचा मुलगा यशवंत त्यांनी १८७४ साली दत्तक घेतला. कुलकर्ण्याच्या खुनापायी कटगुण सुटलेल्या घराण्याचा वारस ब्राह्मण आईच्या पोटचा ठरला. यात योगायोगाचा भाग असेलही, पण दत्तक घेताना जोतीरावांना घराण्याची ही जुनी गोष्ट ठाऊक होती, हे विसरता येत नाही.

१० जुलै १८८७ रोजी त्यांनी मृत्युपत्र केले आणि ते नोंदवून घेतले. मालमत्ता सावित्रीबाई आणि यशवंत यांच्याकडे जावी. यशवंत नालायक निघाला तर दुसऱ्या कुणा होतकरू मुलाला द्यावी. वारस म्हणून जन्म पुरेसा नाही, लायकी हवी, हाच विचार इथेही. राणोजीने इनाम गिळले तेव्हा धाकट्या भावांच्या हाती एक कागदही नव्हता. गोविंदरावांच्या मुलाने आपल्या पाठीमागे कागद पक्का करून ठेवला, हे त्या अनुभवातूनच आले असावे, असे आम्हाला वाटते.

पुढच्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला तेव्हा डाव्या हाताने लिहून ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हे पुस्तक पुरे केले. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी यशवंताचे लग्न हडपसरच्या ग्यानोबा ससाणे यांच्या मुलीशी सत्यशोधक पद्धतीने लावले. २८ नोव्हेंबर १८९० च्या पहाटे ते गेले. आपल्याला घराच्या मागे मिठात पुरावे अशी त्यांची इच्छा होती, त्यासाठी खड्डाही खणून ठेवलेला होता. वस्तीत पुरायला नगरपालिकेने परवानगी नाकारली. ज्या सभागृहात ते सहा वर्षे बसले, त्याच नगरपालिकेने. दहन करावे लागले. टिटवे कुणी धरायचे यावर भाऊबंद पुढे आले, दत्तक मुलाचा हक्क त्यांना मान्य नव्हता. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि टिटवे स्वतः हाती घेऊन प्रेतयात्रेपुढे चालल्या. अस्थी मग घरामागे त्याच जागी ठेवल्या.

यशवंत लायक निघाला. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात ससाण्यांच्या माळावर त्याने दवाखाना उघडला. सावित्रीबाई रोग्यांना तिथे आणत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणले, त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. यशवंतरावांनी पुढे लष्करात डॉक्टर म्हणून नोकरी केली. तेही फार जगले नाहीत, पुण्यात प्लेगनेच गेले. मागे दुसरी पत्नी चंद्रभागाबाई आणि लहान मुलगी. उत्पन्न काही नव्हते. गंजपेठेतले घर विकावे लागले आणि चंद्रभागाबाईंचे पुढचे दिवस हलाखीत गेले. मृत्युपत्र पक्के होते, पण ते वाटून देण्यासारखे फार काही उरले नव्हते. शाळांत, सत्यशोधक समाजात आणि पुस्तकांच्या छपाईत ते कधीच गेले होते. ते घर आता सरकारी स्मारक आहे, फुले वाडा म्हणून पाहायला मिळते.

या कथेतले खून, कर्ज, फुलांच्या गाद्या, इनाम हे सारे बराच काळ फक्त तोंडी राहिले होते. १९२७ मध्ये पंढरीनाथ सीताराम पाटील यांनी जोतीरावांचे चरित्र लिहिले, पुढे धनंजय कीर यांनी मोठे चरित्र लिहिले, तेव्हा ती चांगली कागदावर आली. तोवर घराण्यातली आणि ओळखीतली म्हातारी माणसे ती सांगत होती म्हणून ती राहिली.

आपल्या मंडळातल्या ज्या घरांत कुलकर्णीकीची किंवा पाटीलकीची मोडी दप्तरे अजून आहेत, त्यांना आमची एक विनंती. मोडी वाचणारे एक-दोन जण आपल्यात अजून आहेत. गणपती उठल्यावर त्या दप्तरांचे रुमाल सोडू या. पाटलांची आणि कुलकर्ण्यांची वंशावळ बहुतेकांना पाठ आहे. ती पुन्हा नको. त्याच कागदांत त्या गावचा चौगुला कोण होता, महार, मांग, सुतार, लोहार कोण होते, आणि कुणाचे नाव एका वर्षानंतर पुन्हा दिसत नाही, एवढे उतरून पाठवा. पुढच्या वर्षीच्या अंकात ते छापू.